भाऊजींच्या कॉम्प्युटरमधला आगंतुक

आमच्या शेजारच्या भाऊजींना स्वस्थ बसलेलं मी आजवर एकदाच पाहिलंय, आणि तेही दाताच्या डॉक्टरकडे. तिथेसुद्धा तोंडात कापसाचा बोळा असताना, खुर्ची वरखाली कशी होते हे त्यांनी हातवारे करून विचारून घेतलंच. पायाला भिंगरी पुष्कळांच्या असते. ह्यांच्या हातालाही आहे. पाठीमागे मी त्यांना खुडबुडराव म्हणते. समोर म्हणायची सोय नाही. ‘खुडबुड म्हणजे नक्की कशाची?’ असं विचारून ते तासभर पिच्छा सोडायचे नाहीत.

पंपांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात भांडार सांभाळलं. सहीशिवाय वॉशर बाहेर गेला नाही, चिठ्ठीशिवाय नट आत आला नाही, हे ते अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी सरहद्दीवर होता. निवृत्त झाले तेव्हा कारखाना जिथल्या तिथे राहिला, पण भांडार मात्र ते डोक्यात घालून घरी घेऊन आले. त्या भांडारात आता एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे आमच्या वहिनी.

वहिनी एके काळी मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. आवाज असा, की चुकीचा नंबर लावलेला माणूससुद्धा दोन गोष्टी बोलूनच फोन ठेवायचा. पुढे यंत्रं आपली आपणच फोन जोडायला लागली आणि वहिनी घरी आल्या. घरी त्यांनी काय काय करून पाहिलं नाही? विणकामाचा वर्ग काढला. भाऊजींनी सुयांना नंबर टाकले आणि बायकांना सही करून सुया द्यायला सुरुवात केली. एका बाईची सुई परत आली नाही तेव्हा ते तिच्या घरी चौकशीला गेले. दुसऱ्या आठवड्यात वर्गात वहिनी आणि लोकर, दोघीच. मग गॅलरीत कुंड्या लावल्या. भाऊजींनी प्रत्येक झाडाला पाणी मोजून घालायची पद्धत बसवली आणि मुळं नीट वाढताहेत का, हे उपटून पाहिलं.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. आमचा नळ गळायला लागला तर न बोलावता येतात. नळ गळायचा थांबतो, फक्त नंतर तो उलटा उघडतो.

आमची नि त्यांची भिंत एक, गॅलरी एक, मध्ये कमरेएवढा कठडा. इंटरनेटसुद्धा दोन घरांत एकच. त्याचा डबा माझ्याकडे, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर, आणि तिथून भिंतीतल्या भोकातून एक वायर त्यांच्याकडे गेली आहे. भोक अर्थातच भाऊजींनी पाडलं. दोनदा. पहिलं माझ्या कपाटात निघालं. मी दिवसभर त्या मशीनवर लोकांचे पडदे शिवते आणि भिंतीपलीकडचं ऐकते. दुसऱ्या कामाचे पैसे मिळत नाहीत, पण जीव रमतो.

आता मुख्य बातमी. ही कोणाला सांगणार नाही असं मी वहिनींना वचन दिलं होतं आणि ते पाळलं. खालच्या इस्त्रीवाल्या बाईला तेवढी सांगितली, पण तिला निम्मं ऐकू येत नाही. बातमी अशी की वहिनींना काम मिळालं होतं. घरात बसून, कानाला हेडफोन लावून. कुणाचं धुलाईयंत्र बंद पडलं, कुणाचा फ्रीज घुमायला लागला, की त्याचा फोन वहिनींकडे यायचा आणि त्या त्याला शांतपणे वाटेला लावायच्या. महिनाभर चाचणी होती. शेवटच्या दिवशी त्या कचेरीतल्या वरच्या बाई स्वतः लाइनवर कान देऊन बसणार आणि ठेवायचं की नाही ते ठरवणार.

भाऊजींना ह्यातलं काही माहीत नव्हतं. सकाळी ते फिरायला जायचे, मग नाक्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात दुकानदाराला सल्ले द्यायचे. तेवढ्या वेळात वहिनी काम उरकून हेडफोन कणकेच्या डब्यामागे ठेवायच्या.

“पण लपवता कशाला?” मी एकदा कठड्यावरून विचारलं. “चोरी थोडीच करताय?”

“ह्या घरात दिवसभरात माझं एक वाक्य पुरं होत नाही गं,” वहिनी म्हणाल्या. “मी ‘आज भाजी’ म्हणेपर्यंत हे भाजीवाल्याचा तराजू तपासायला गेलेले असतात. तिथे मी बोलते आणि समोरचा ऐकतो. आणि ह्या वयात मला दुसरं कोण घेणार? हे गेलं की संपलं.”

त्यांच्या त्या गोड आवाजाला चीर गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्यानंतर मी चेष्टा केली नाही. म्हणजे त्या दिवशी केली नाही.

तर ह्या कामासाठी कचेरीनं वहिनींच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवून दिला होता. घरापासून कचेरीपर्यंत एक खाजगी बोगदा, बाहेरच्यांनी बोलणं ऐकू नये म्हणून. काम त्याच कॉम्प्युटरवरून करायचं, दुसऱ्या कुठल्याही नाही, असा नियम. आणि एके दुपारी भाऊजींना तो बोगदा सापडला.

झालं असं, की इंटरनेट हळू चालतंय असं त्यांना वाटलं. त्यांना ते नेहमीच वाटतं. त्यांनी नेटवर्क अडॅप्टरची यादी उघडली. अडॅप्टर म्हणजे कॉम्प्युटरचं बाहेरच्या जगात उघडणारं दार, हे त्यांनीच मला समजावलं होतं. एक दार वायरचं, एक वाय-फायचं, एक ब्लूटूथचं. आणि त्या दिवशी चौथं. इंग्रजी अक्षरांचं लांबलचक, कोणाच्या बापाला न कळणारं नाव असलेलं.

“ताई, माल आपोआप येत नाही,” ते माझ्या दारात उभे राहून म्हणाले. “कोणीतरी आणावा लागतो.”

“तुम्हीच आणला असेल, भाऊजी. विसरला असाल.”

“मी?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खात्यावर चोरीचा पंप दाखवला होता.

त्यांनी ते चौथं दार राइट क्लिक करून डिसेबल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी ते उघडलं. दुपारी भाऊजींनी ते मुळासकट काढून टाकलं, ज्याला अनइन्स्टॉल म्हणतात. सकाळी वहिनींनी कचेरीचा प्रोग्राम दुरुस्तीला लावला आणि त्यानं नवं दार बसवलं. ह्या वेळी नावापुढे दोनचा आकडा होता. भाऊजी सरळ गॅलरीतून कठडा ओलांडून आले. वयाला शोभत नाही असं मी म्हणणार होते, पण चेहरा पाहून स्टूल पुढे सरकवलं.

“आता त्याला नंबर आलाय,” ते म्हणाले. “म्हणजे वाढतंय ते.”

“पिल्लं घातली असतील.”

“थट्टा नाही, ताई. आज दुपारी मी ते काढतो, उद्या दुपारी ते तिथेच. घरात मी, ही आणि तो कॉम्प्युटर. हिला तर तो चालू करायची कळ कुठे आहे तेसुद्धा विचारावं लागतं.”

मी मान खाली घालून पडद्याची पट्टी मोजत राहिले. हसू आवरायला पट्टीसारखं साधन नाही.

त्यांची झोप उडाली. जेवता जेवता उठायचे, यादी बघायचे, परत येऊन बसायचे, आमटी गार. सायकलवाल्याला त्यांनी ह्या प्रकरणावर इतकं बोअर केलं, की तो चाकांना हवा भरायचा पंप मुद्दाम त्यांच्या कानाशी मारायला लागला. आणि इकडे वहिनींची तारांबळ. रोज सकाळी ते दार पुन्हा बसवण्यात वेळ जायचा, एकदा तर पहिला फोन हुकला. वरच्या बाईंनी विचारलं, “तुमची लाइन रोज मरते आणि रोज जिवंत होते, हे काय आहे?” वहिनी म्हणाल्या, हवामान.

अखेर चाचणीचा शेवटचा दिवस उजाडला आणि नेमकं त्याच दिवशी भाऊजींनी ठरवलं, की आज फिरायला जायचं नाही. कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसायचं आणि आगंतुक येतो कसा ते डोळ्यांनी पाहायचं. बूट काढून ठेवले, चहाचा थर्मास भरून घेतला, आणि बसले. बसले म्हणजे अर्थात उठले, बसले, खुर्ची सरकवली, खिडकी लावली, उघडली.

वहिनी कठड्याशी आल्या. हातात लाटणं होतं, पण लाटायचं काही नव्हतं.

“हलत नाहीयेत,” त्या कुजबुजल्या. “अर्ध्या तासात बाई लाइनवर येतील.”

“नेते मी त्यांना,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त हेडफोन काढा.”

आणि मी त्यांच्या दारात जाऊन, शक्य तितका घाबरा चेहरा करून म्हटलं, “भाऊजी, माझ्या कॉम्प्युटरमध्ये पण एक आलंय.”

ते माझ्या आधी माझ्या घरात पोचले.

मी दार ओढून घेतलं, मशीन सुरू केलं. दोरा न घालताच, कारण भिंतीपलीकडचा आवाज झाकायला नुसती घरघर पुरे होती. भाऊजींनी माझी यादी उघडली, चष्मा वर केला, खाली केला.

“कुठे आहे?”

मी एका चिन्हावर बोट ठेवलं.

“हे ब्लूटूथ आहे, ताई. हे सगळ्यांकडे असतं.” आणि ते उठले.

आता आली का पंचाईत. भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज नुकता कुठे सुरू झाला होता, “नमस्कार, बोला, मी ऐकते आहे.” मी मशीनचं पायडल जोरात दाबलं आणि तोंडाला येईल ते बोलले.

“हे नाही हो, दुसरंच होतं. काल होतं, आज नाही. येतं नि जातं.”

भाऊजी जिथल्या तिथे थांबले. “येतं नि जातं?”

“हो. असंच लांबलचक नावाचं.”

“तुमच्याकडेही.” ते पुन्हा बसले, उठले, माझ्या खोलीला दोन फेऱ्या मारल्या. पडद्याच्या कापडात पाय अडकला, तो सोडवला, कापडाची घडी घालून ठेवली, घडी आवडली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली. मला आपलं बरं वाटत होतं, की चला, गुंतला माणूस. मला काय ठाऊक, डोक्यात काय शिजतंय ते.

“ताई, दोन वेगवेगळ्या विभागांत एकाच दिवशी एकसारखा खराब माल निघाला, तर दोष विभागांचा नसतो,” ते म्हणाले. “दोष पुरवठादाराचा.” आणि त्यांची नजर माझ्या डोक्यावरून फळीवर गेली.

मी ‘अहो’ म्हणेपर्यंत त्यांनी माझ्याच टाचणीच्या उशीतली टाचणी उपसली, इंटरनेटच्या डब्याच्या पाठीवरच्या बारीक भोकात खुपसली आणि दाबून धरली. डब्याचे सगळे दिवे एकदम गेले. नंतर एकच लागला, लाल.

“आता पार कोरा केला,” ते समाधानानं म्हणाले. “काय शिरलं असेल ते गेलं.”

माझा पाय पायडलवरून आपोआप सुटला. मशीन थांबलं. भिंतीपलीकडे वहिनींचा आवाज ‘तुमच्या यंत्राच्या झाकणावर’ इथपर्यंत आला आणि तिथेच लोंबकळला.

मग दार उघडलं. वहिनी उभ्या होत्या, डोक्याला हेडफोन, त्याची वायर मागे फरफटत, आणि हातात वाजणारा मोबाइल.

“कोणी बंद केलं?”

भाऊजींनी टाचणी पाठीमागे लपवली. पन्नास फळ्यांवरचा माल एका नजरेत मोजणारा हा माणूस बायकोच्या डोक्यावरच्या हेडफोनकडे असा पाहत राहिला, जणू ही वस्तू कोणत्या खात्यात बसते ते सुचत नव्हतं.

वहिनींनी मोबाइल कानाला लावला. “हो बाई. लाइन गेली. इथे माझ्याच घरात एक तक्रार आली आहे, ती मिटवून येते. तुम्ही थांबता की मी नंतर...” त्या थांबल्या, ऐकलं. “बरं.” फोन बंद न करता तो त्यांनी तसाच हातात धरला. आणि भाऊजींकडे वळल्या.

“ते चौथं कनेक्शन माझं आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या कामाचं. महिना झाला. बाकीचं मग. आधी हा डबा.”

“तू बाजूला हो, मी करतो सगळं—”

“नाही.” आवाज मऊच होता. भिंतीपलीकडून मी रोज ऐकायचे तो, अनोळखी माणसांसाठीचा. “मी सांगते तेवढंच करायचं. त्याच्या पुढचं काही करायचं नाही. आता दिवा कोणत्या रंगाचा आहे, सर?”

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

“लाल,” ते म्हणाले.

“छान. हिरवा होईपर्यंत आपण थांबू.”

“तोवर मी मागची वायर जरा—”

“नको. नुसतं थांबू.”

त्यांची बोटं पँटीच्या शिवणीवर वाजायला लागली. मी आयुष्यात इतक्या सावकाश हिरवा होणारा दिवा पाहिला नाही.

“झाला हिरवा.”

“उत्तम. डबा उलटा करा. पोटावर कंपनीचा कागद चिकटवलेला आहे, त्यावर एक नाव आणि एक पासवर्ड आहे. तो ह्या ताईंच्या कॉम्प्युटरवर भरा.”

त्यांनी भरला. एका बोटानं, पण बिनचूक. “इथे खाली आणखी पाच-सहा गोष्टी विचारतंय. हा चॅनेल बदलला तर वेग—”

“बदलायचा नाही, सर.”

“पण चांगला—”

“चांगला असेल. फक्त ओके दाबा.”

त्यांचं बोट त्या चॅनेलवर घुटमळलं. मला इथून दिसत होतं, त्या बोटाला किती यातना होत होत्या ते. मग ते ओकेवर गेलं.

वहिनींच्या हातातल्या मोबाइलमधून एक कोरडा बायकी आवाज आला. “आली तुमची लाइन. ते धुलाईयंत्रवाले अजून थांबलेत. घ्या त्यांना.” ह्या बाईंनी सगळं ऐकलं होतं.

वहिनी वळल्या. भाऊजी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. “मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही मदत केली असती,” वहिनी म्हणाल्या, आणि वायर गोळा करत निघून गेल्या.

भाऊजी आत येऊन माझ्या स्टुलावर टेकले, उठले, गॅलरीत गेले, आले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला शेजाऱ्यांचं सगळं माहीत असतं, भाऊजी. तोच माझा खरा धंदा.”

ते हसले नाहीत. मी मशीन सुरू केलं नाही, त्यामुळे भिंतीपलीकडचं स्पष्ट ऐकू येत होतं. कोण्या गृहस्थाचं धुलाईयंत्र खोलीभर नाचत होतं.

“पायाखाली रबर लावा म्हणावं,” भाऊजी पुटपुटले. “पाय ढिले झालेत.” आणि ते दाराकडे निघाले. मी मोजायची टेप दारात आडवी धरली. ते टेपपाशी थांबले. टेप सरळ आहे का ते त्यांनी पाहिलं, पण हात लावला नाही.

पलीकडे वहिनी त्या गृहस्थाला बोलू देत होत्या. त्यानं यंत्र कधी घेतलं ते सांगितलं असावं, ते कोणी उचलून वर आणलं तेही. वहिनी मध्ये फक्त “हं” म्हणत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “आत्ता आत काय काय घातलंय?” आणि मग, “गालिचा? अख्खा? मग तो तेवढा बाहेर काढू या का आपण?”

भाऊजी भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटतं, पुऱ्या संसारात त्यांनी वहिनींचं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पहिल्यांदाच ऐकलं असेल. एका फोननंतर दुसरा आला, मग तिसरा. त्यांच्या हाताला चैन नव्हतं. माझ्या टाचण्या त्यांनी उशीवर रांगेत खोचल्या, काढल्या, पुन्हा खोचल्या. पण उंबरा ओलांडला नाही.

दुपार व्हायला लागली तेव्हा वहिनी आल्या. हेडफोन गळ्यात होता, कणकेच्या डब्यामागे नाही.

“ठेवलं मला,” त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, पण बघत भाऊजींकडे होत्या. “बाई म्हणाल्या, लाइन सांभाळा, बाकी काही शिकवायला नको.”

भाऊजींनी मान हलवली. हेडफोनच्या वायरीकडे बोट गेलं, अर्ध्यातून परत आलं.

“उद्या किती वाजता बसणार तू?”

“दहाला.”

“मग मी साडेनऊला घराबाहेर पडतो.”

“दहाला निघालात तरी चालेल.”

“नको,” भाऊजी म्हणाले. “बूट घालता घालता मध्येच काहीतरी दिसतं.”